पाच घरचं कापड

दहिवली, कर्जत
१० नोव्हेंबर

हर्षला,

तुझा फोन चालू आहे, पण माझ्या नंबरवरून लागत नाही. खोलीच्या मालकिणीची संध्या म्हणाली, याला ब्लॉक करणं म्हणतात. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, समजून घे.

हे पत्र आधी तुझ्या सासूबाईंच्या हातात पडणार, तेही मला माहीत आहे. तर जयवंताबाई, विहिणीचा नमस्कार. वाचून झालं की डिंक लावून पुन्हा बंद करा आणि सुनेला द्या.

परवा कर्जत स्टेशनबाहेर साईनाथराव भेटले. भेटले म्हणजे माझ्याकडे पाठ करून, गाडीची पाटी वाचत असल्यासारखे उभे राहिले आणि तसेच बोलले. जावई गुणाचे आहेत, फक्त घाबरट आहेत. तुला सातवा लागला म्हणाले. मला कळलं हे तुला सांगू नका म्हणाले, म्हणून सांगते आहे. मग म्हणाले, "आई, तुमी हे मागायचं बंद करा. मी महिन्याला देत जाईन कायतरी." मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्याकडून महिन्याला घेतलं तरी ती भीकच, फक्त देणारा एक. तुम्ही एखाद्या महिन्याला विसरलात तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? इथे एकाने नाही दिलं तर मागून दुसरा येतो." तेवढ्यात गाडी आली आणि त्यांची सुटका झाली.

शेवटची आलीस तेव्हा तू विचारलं होतंस, यात मिळतं तरी काय गं तुला? रागाने विचारलंस आणि उत्तर ऐकायला थांबली नाहीस. ते आज देते.

माथेरानच्या हॉटेलात चादरी धुवायचे, ते तुला माहीत आहे. गुडघा गेला, तेव्हा मालकाने दिवाळीला मिठाई दिली आणि आता येऊ नका म्हणाला. मग मी पोशीरला तुझ्या चुलत काकांकडे राहिले. तिथे मला कोणी जा म्हटलं नाही. फक्त भात वाढताना काकूचा डाव अर्धा भरायला लागला. तेवढं मला पुरे होतं.

एका चतुर्थीला महडच्या गणपतीला गेले, गुडघ्यासाठी. दर्शन झालं आणि पाय उचलेना, म्हणून वाटेच्या कडेला बसले. एका बाईने माझ्या ओटीत दहाची नोट टाकली. मी मागून हाका मारल्या, "अहो ताई, तुमचे पैसे पडले!" बाजूला मोतीबाई बसली होती. तिची जागा तिथे जुनी आहे, पहिल्या हारवाल्याच्या लगत. ती पोट धरून हसली. "पडलं नाय गं, दिलंय तुला," म्हणाली. मी घरी जाऊन रडले आणि पुढच्या चतुर्थीला परत गेले. दोन्ही खरं आहे.

हॉटेलातल्या पगारापेक्षा जास्त सुटतात, हर्षला. चतुर्थीला चांगले, अंगारकीला विचारूच नकोस, एरवी स्टेशनबाहेर चहापाण्यापुरते. खोलीचं भाडं, गुडघ्याच्या गोळ्या भागून हाताशी राहतात. पण फुकटचं नाही हो. मोतीबाईने सगळं शिकवलं. वाडगा रिकामा ठेवून बसायचं नाही, पहिलं नाणं आपणच टाकायचं. खात असलेल्या माणसाकडे मागायचं नाही. आपलं खरं दुःख कोणाला सांगायचं नाही, लोकांना लहान दुःख आवडतं. निलेश फुलवाला म्हणाला, मावशी, स्कॅनर लावा, सुट्टे नसतात लोकांकडे. मी म्हटलं, स्कॅनर लावला की दुकान दिसतं, मग लोक माल मागतील.

तोटाही सांगते. रजा नाही, फंड नाही. आणि ओळखीचं कोणी दिसलं की पदर नाकापर्यंत ओढून बसावं लागतं. तेवढ्यात दहा गिऱ्हाइकं पुढे निघून जातात. जयवंताबाई आल्या त्या दिवशी पदर ओढायला मला उशीर झाला. दोन रुपये टाकून त्या म्हणाल्या, "धडधाकट दिसतेस, काम कर की कायतरी," आणि मग मी वर बघितलं. पुढचं तुला माहीत आहे.

तू जे बोललीस त्याच्याबद्दल मी भांडणार नाही. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरा झाला, चार दिवस राहिला आणि गेला. माझं मागणं तुम्हाला कळलं ते त्याच आठवड्यात. तू म्हणालीस, भिकेच्या पैशातलं झबलं अंगावर घातलं म्हणून गेला तो. मी ते झबलं कर्जतच्या बाजारातून घेतलं होतं, दोनदा धुऊन उन्हात वाळवलं होतं. एवढंच सांगते आणि पुढे जाते.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तिसऱ्याला तो नियम नाही, आणि माझं माहेर म्हणजे एक खोली आणि मोरी. तेव्हा ते मागत नाही. या वेळी मूल झालं की मला एकदा बघू दे. हातात नको देऊस, लांबून दाखव. सगळ्या जगाकडे मागते, तुझ्याकडे एवढंच.

बाकी मी मजेत. सेलमध्ये एक साडी घेतली, हिरवी. उगाच घेतली, रंग बरा होता.

आई


दहिवली
२ डिसेंबर

हर्षला,

उत्तर आलं नाही, पत्रही परत आलं नाही. म्हणजे घेतलंस.

रविवारी तुझी ओटी भरली ना? निलेश तुमच्या गावी, चौकला, फुलांची वाडी द्यायला गेला होता, त्याच्या मोबाईलवर फोटो बघितला. झोपाळा सजवलाय, तुझ्या हातात फुलांचं धनुष्य दिलंय. दंडावरचे गजरे सैल बसलेत. हात बारीक झालेत तुझे. नीट जेव.

शनिवारी त्या वाडीची फुलं निलेशच्या टेंपोतून उतरवायला मी मदत केली होती. कोणाची ऑर्डर ते तेव्हा माहीत नव्हतं. मोगरा चांगला होता, शेवंती जरा जून होती. मी त्याला म्हटलंही, पहिलटकरीण असेल कोणी, ताजी घाल रे. त्याने बदलली.

साडीची घडी मोडलेली नाही. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलं गेलं, राहू दे.

आई


दहिवली
९ जानेवारी

हर्षला,

हे पत्र पोस्टाने टाकत नाही, साईनाथरावांच्या हाती देणार आहे. तुझ्या सासूबाईंनी मला शपथ घातली आहे की हर्षलाला कळू द्यायचं नाही. पण तुझ्या मुलाच्या अंगावर काय घालणार ते तुला माहीत असायला हवं. मागच्या वेळी लपवून ठेवल्याने काय झालं ते आपण बघितलं.

मंगळवारी अंगारकी होती. गर्दी एवढी की वाडगा पायाखाली जाईल म्हणून मांडीवर धरून बसले होते. जयवंताबाई दर्शन करून आल्या, चपला हातात, आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. मी वाडगा मागे घेतला. त्यांच्याकडून पुन्हा नाणं घ्यायची माझी तयारी नव्हती.

"विहीणबाय," त्या म्हणाल्या, "पोरीला नववा हाय. मला झोप नाय."

मी म्हटलं, "मलाही नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या चुलत सासूबाई म्हणाल्यात की या घरात मूल टिकत नाही, तर येणाऱ्याला पाच घरी मागून आणलेल्या जुन्या कापडाची कुंची शिवून घाला. मूल आमचं नाही, मागून आणलेलं आहे, असं दाखवायचं, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर ठरत नाही. पूर्वी सगळेच करायचे, पोशीरला आमच्या शेजारच्या भिकूदादांचं नाव तसंच पडलं होतं. जयवंताबाईंनी पदराला गाठ मारली, सोडली. "तुमाला सवय हाय. तुमी आना ना मागून."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. "मागच्या वेळी भिकेचं झबलं म्हणून माझ्या नावाने खडे फोडलेत," मी म्हटलं, "आणि आता भिकेचंच कापड पाहिजे?"

"ते तुमी पैशानं इकत आनलं व्हतं. हे मागून आनायचं."

हिशोब त्यांचा सरळ होता. मी हो म्हणणारच होते, हर्षला. तुझ्या मुलासाठी मी पाच काय, पन्नास घरं फिरले असते. पण मोतीबाई मधे पडली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तिथे तिला विचारावं लागत नाही.

"हिच्या हातचं चालायचं नाय," ती म्हणाली. "आमी रोज मागतो, ती आमची कमाई. हात पसरताना जिची मान खाली जाते, तिनं आनलं तर ती भीक. देवाला काय तेवढं कळत नाय? बाय, तूच माग. पाच घरं, पाच आडनावं."

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मला? आमची चौकला दोन मजली माडी हाय."

"म्हनूनच," मोतीबाई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

चौक गावात मागणार नाही म्हणून त्या अडून बसल्या, तेव्हा दहिवलीत मागायचं ठरलं. इथे त्यांना कोणी ओळखत नाही. काल सकाळी रिक्षातून उतरल्या. इस्त्रीची साडी, काखेत पर्स. पहिल्या बिल्डिंगमध्ये बेल दाबली आणि सुरू केलं, नमस्कार ताई, मी चौकवरून आलेय. आतून बाई म्हणाली, "आम्हाला काही घ्यायचं नाही," आणि दार लावलं. साबण विकायला आलीय असं वाटलं तिला. मी खाली गेटपाशी उभी होते, हसू दाबत.

मग मी शिकवलं. पर्स माझ्याकडे द्या. चपला काढा. बेल एकदाच. पदर दोन्ही हातांनी पुढे धरा आणि आधी काय पाहिजे ते सांगा, मग कशासाठी. उलटं केलं की माणूस कंटाळतो. "एवढं असतंय का यात?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग काय, नुसतं बसून मिळतं वाटलं होतं?"

पुढच्या घरी एक म्हातारी होती. तिला सांगावंही लागलं नाही. पसरलेला पदर बघितला आणि आतून नवऱ्याच्या धोतराचा तुकडा घेऊन आली, मऊ, लोण्यासारखा. त्याला हळदकुंकू लावून दिला आणि जयवंताबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या घरी एक तरुण मुलगा, नुकताच मुंबईहून राहायला आलेला. घरात जुनं काही नाही म्हणाला, जीपे करू का? जयवंताबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "नको रं बाबा, फडकं दे एकादं." त्याने स्वतःचा जुना टीशर्ट दिला. त्यावर वाघाचं चित्र आहे. ते आतल्या बाजूने घ्या शिवताना.

चौथ्या घरी गोष्ट बिघडली. ती बाई त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली आणि हातावर येऊन थांबली. पाटल्या काढायला आम्ही दोघी विसरलो होतो. "सोनं घालून भीक मागता? धडधाकट दिसता, काम करा की काहीतरी," म्हणाली आणि दार आपटलं.

जयवंताबाई जिन्यात बसल्या. मी गुडघा धरत वर गेले. ते बोलणं मला ओळखीचं होतं, त्यांनाही. त्या म्हणाल्या, "मी पन तुमाला असंच बोलले व्हते."

"हो," मी म्हटलं, "पण तुम्ही दोन रुपये टाकून बोलला होता."

त्या हसल्या आणि मग हसता हसता रडल्या. मीही रडले. जिन्यातून एक माणूस गॅसची टाकी घेऊन वर चालला होता, तो बिचारा आम्हाला ओलांडून गेला. मग पाटल्या माझ्या कमरेला खोचल्या आणि त्या पुन्हा निघाल्या. एका शिंपिणीने परकराचा तुकडा दिला, एका मास्तरीणबाईंनी मुलीचा जुना फ्रॉक. चार कापडं झाली. त्यानंतर तीन दारं बंदच मिळाली. ऊन डोक्यावर आलं होतं. त्या म्हणाल्या, आता पाय उचलत नाय, ऱ्हायलं ते उद्या. मी म्हटलं, माझ्या खोलीवर चला, पाणी तरी घ्या.

मी कुलूप काढून आत गेले, तांब्या भरला, वळून बघते तर त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या. चपला काढलेल्या, पदर दोन्ही हातांनी पसरलेला, मान खाली. म्हणाल्या, "माय, कापड वाडा, बाळासाठी."

मी शिकवलं होतं तसंच, आधी काय ते आणि मग कशासाठी. हर्षला, मी रोज हात पसरते. माझ्यापुढे कोणी हात पसरला नव्हता. तांब्या कुठे ठेवावा तेसुद्धा मला कळेना.

पेटीत माझ्या जुन्या साड्या आहेत त्या धंद्याच्या. रस्त्यावर बसलेलं कापड बाळाच्या अंगाला नको. उरली ती एकच. पण ती कोरी, आणि कापड वापरलेलं लागतं. मग मी दार लोटून घेतलं आणि ती नेसले. निऱ्या काढल्या, पदर घेतला, तुझ्या ओटीभरणाला आले असते तशी. भिंतीवरच्या आरशात बघितलं. मला चांगली दिसते गं हिरवी. मग सोडली, कात्री घेतली आणि पदर कापला.

जयवंताबाईंनी तो पदरात घेतला. कोऱ्या साडीचा आहे हे त्यांना बघून कळलं असावं. पाणी मग आत येऊन, खाली बसून प्यायल्या.

कुंचीच्या गळ्याला हिरवी पट्टी येईल, ती माझी. तुला चालत नसेल तर आधीच सांग, दुसरं पाचवं घर शोधायला अजून वेळ आहे. सांगितलं नाहीस तर चालतं असं समजेन.

आई


दहिवली
३ फेब्रुवारी

हर्षला,

मुलगी झाली ते जयवंताबाईंनी कळवलं. त्या आता मला फोन करतात. दवाखान्यातून केला तेव्हा आधी रडल्या आणि मग वजन सांगितलं, त्यामुळे मधल्या वेळात माझा जीव अर्धा झाला. त्यांना म्हटलं, विहीणबाई, आधी काय ते सांगायचं असं शिकवलं होतं ना?

त्यानंतरचे दिवस मी स्टेशनवर गेले नाही. चौथ्या दिवशी, ज्याची मला धास्ती होती, मोतीबाई सकाळीच वालाच्या शेंगा घेऊन माझ्या खोलीवर आली. कशाला आलीस विचारलं तर म्हणाली, "एकटीनं सोलून व्हत नायत." दिवसभर आम्ही दोघी सोलत बसलो. फोन मधे ठेवला होता. तो वाजला नाही. नवा दिवस उजाडला तेव्हा ती उठून गेली, वाल माझ्याकडेच टाकून.

आणि काल दुपारी फोटो आला. तुझ्या नंबरवरून. खाली काही लिहिलेलं नाही, नुसता फोटो. डोळे मिटलेत, नाक तुझं आहे, मूठ तोंडात घालायचा प्रयत्न चाललाय. गळ्याशी हिरवी पट्टी. मी संध्याला दाखवला, मालकिणीला दाखवला, खाली इस्त्रीवाल्याला दाखवला. मग खोलीत येऊन दार लावलं आणि मनसोक्त रडले. आनंदाने रडले, वेगळं काही समजू नकोस.

म्हणजे आता माझा फोन तुला लागेल. तरी केला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मला बोलता आलं नसतं, पत्रात तेवढी सोय असते.

मोतीबाईचा निरोप आहे, कुंची वर्षभर उसवायची नाही आणि नाव काहीही ठेवा, वर्षभर हाक भिकीच मारायची. साईनाथरावांना आवडणार नाही. त्यांना म्हणावं, गाडीच्या पाटीकडे बघत मारा.

मागणं सोडेन असं खोटं वचन मी तुला देणार नाही. परवा संकष्टी आहे, मी महडला जाणार. जयवंताबाई फोनवर म्हणाल्या, "विहीणबाय, तुमच्या धंद्यात लय कष्ट हायेत वो." तुझ्या घरात एका माणसाला तरी ते कळलं. तुलाही एक दिवस कळेल, नाही कळलं तरी चालेल, पण त्यापायी मला लेकीची लेक बघायला मिळू नये हे मी मान्य करणार नाही.

बारसं सोमवारी आहे, तेही त्यांनीच सांगितलं. तू बोलावशील का, ते विचारत नाही. मी येणार आहे. आत घेतलंस तर पाळण्यापाशी बसेन. नाही घेतलंस तर बाहेर उभी राहीन, कोणाच्या दारात उभं राहायचं मला नवीन नाही. फक्त एवढं कळव, की नेसून काय येऊ? धंद्याची साडी पाळण्याजवळ नको, आणि हिरवी होती ती तुझ्या लेकीने मागून नेली.

आई